लास्टवाली काकू

आमच्या घरमालकीनकाकूले "कुठं चाल्ल्या?" म्हून इचारलं की तिले राग ये. "मले काऊन इचारतं व? बसले इचार," म्हने, अन् हातातली रिकामी थैली झटकून निंगून जाये.

खोटं नोती बोलत. तिले सोतालेच मालूम नसे.

आदिलाबादमंदी आमी तिच्या मांगल्या खोलीत चार वर्सं काढले. माहे मालक मालाचा आटो चालवतेत, सकाळी जातेत ते दिवे लागल्यावर येतेत. दिवसभर मी अन् माही गुड्डी, दोघीच. पुढं काकू एकटी. काका तहसीलमंदी कारकून होते, ते आमी यायच्या आंधीच वारले, अन् एकुलता एक लेक हैद्राबादले नौकरीवर.

आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड ये. नळाच्या दिवशी काकू घरी. टाकं भरे, गुंड भरे, "पानी सांडू नोको, तुह्या बापाचा तलाव नाई इथं" म्हून माह्यावर वरडे. पन बिननळाचा दिवस आला की तिले खुंट्याले बांधलं तरी थांबत नसे. बायाईले बस फुकट झाली तवापासून तिचं हे सुरू झालं. भाकर-ठेचा बांधे, आधारकार्ड घे, एक लिंबू घे, थैली घे, अन् स्टँडवर जाऊन जे बस पयली सुटून राह्यली तिच्यात जाऊन बसे.

पाटी वाचाचा सवालच नाई. पाट्या साऱ्या तेलगूत. काकू मराठी सातवी झालेली, पोथी घडघड वाचे, पन तेलगू तिले मुंग्याइच्या रांगेवानी दिसे. आपल्यातल्या लोकाइचं तसंच हाय, म्हून आपन चार जनाले इचारतो, भाऊ बेल्याची कोनती, दादा तलमडुगूची लागली का. काकू इचारत नसे. "पोचल्यावर समजते," म्हने.

आता फुकट असलं तरी तिकीट तं फाडाच लागते. कंडाक्टर इचारे, "एक्कडिकि अम्मा?" म्हंजे कुठं जाचं. काकू म्हने, "लास्ट."

"लास्ट म्हंजे कहाँ?"

"तुही बस जिथं थांबते तिथं. तुले मालूम नाई का?"

असं करता करता साऱ्या कंडाक्टराइले ते मालूम झाली. ते तिले लास्टम्मा म्हनत. गल्लीतले लोक लास्टवाली म्हनत. मांगून हासत बी. एक बाई तं म्हने, म्हातारीचा इस्क्रू ढिल्ला झाला.

पन थैली कधी रिकामी येत नसे. तलमडुगूहून हुरडा आला. बेज्जूरच्या जंगलाकडं गेली तवा दोन बसा बदलून गेली, परत याले बस भेटली नाई, तिकडच्याच एका बाईच्या घरी राह्यली, अन् दुसऱ्या दिवशी बांबूचं टोपलं डोक्यावर घेऊन आली. तिची भाषा हिले येत नोती, हिची तिले येत नोती. मी इचारलं, मंग बोलल्या कशा? तं म्हने, "बोल्लो कुठं, भांडलो. तिनं मले तिसरी भाकर वाढली, मी नाई म्हनलं."

अन् एक वेळ तं अशी मजा झाली. काकू ज्या बसमंदी बसली ते बस कुठंच जात नोती. धुवाले डेपोत चाल्ली होती. काकू मांगल्या सीटवर आरामात. डेपोत गेल्यावर पानी मारनाऱ्या पोट्ट्यानं खिडकीतून पाइप लावला अन् आतून काकू वरडली. मंग काय, तिथल्या मिस्त्र्याइसंगं बसून ठेचा खाल्ला, अन् दुपारी भिजलेल्या लुगड्यानं घरी. "आज डेपो पाह्यला," म्हने. "बसचं पोट खालून कसं असते, तू पाह्यलं का कधी?"

लोकाइले वाटे हे मोठी देवमानूस हाय, हिले कशाचंच काई नाई. तसं नोतं बाप्पा. भाजीवाल्याले ते म्हने, "तुह्या मनानं दे," अन् त्यानं कारले देल्ले की दिवसभर कुरकुर करे. "मुडद्यानं कारलेच देल्ले. मागच्या खेपीबी कारलेच देल्ले." मी म्हनो, काकू, मंग भेंडी माग ना. "मागून तं सारेच घेतेत," म्हने, अन् कडू तोंड करून कारलं खाये. घाट लागला की तिले वकारी ये, म्हून ते लिंबू. एवढा तरास होऊन बी जाये. मले समजतच नोतं काऊन जाते.

एक दिवस तिनं पुढच्या खोलीतली भिंत मले दाखवली. काकाईनं पेन्सिलनं लिवलं होतं, आदिलाबादहून सुटनाऱ्या साऱ्या बसाइचे टाइम, बारीक अक्षरात, छतापरेंत. "मानूस लय चांगला होता," काकू म्हने. "पन तीस वर्सं हा टाइमच लिवत राह्यला. ते बस लेट असते, ते फुटकी हाय, तिकडं पानी चांगलं नाई. इचारता इचारता बस निंगून जाये. मी अन् हा, स्टँडवरून घरी." मंग हासली. "टाइम मातर बराबर लिवले हं त्यानं."

आता माहं सांगा लागते, त्याशिवाय पुढचं समजनार नाई.

मी भेते. लहानपनापासून भेते. कुत्र्याले भेते, तेलगूत बोलनाऱ्या सायबाले भेते, रस्ता वलांडाले भेते. हे भेव माह्या मायनं मले लग्नातल्या भांड्याइसंगं देल्लं. आमच्या गावात शाळा सातवीपरेंत. आठवीले दुसऱ्या गावी बसनं जा लागे. माय म्हने, "बसनं कोन पाठवते पोरीले? काई झालं म्हंजे?" काई झालं नाई. मी घरी बसली, एवढंच झालं. मास्तर दोन खेपा घरी येऊन गेले, माय दारातूनच नाई म्हने, मी चुलीपासून आयकत होती. मंग कापूस येचला, मंग लग्न. लग्नानंतर बी बसमंदी एकटी कधी बसली नाई, माहेरी जाचं असलं तं हे फटफटीवर नेतेत.

गुड्डी तीन वर्साची असतानी एकदा बजारात माह्या हातातून सुटली. पाच मिनिटं. बांगड्यावाल्याच्या गाडीखाली बसली होती, काचाचे तुकडे गोळा करत. पन ते पाच मिनिटं माह्या अंगातून गेलेच नाई. तवापासून घराबाहेर पाय ठेवला की मी ओढनीचा शेंडा तिच्या मनगटाले बांधो. पक्की गाठ.

काकूनं पयल्यांदा पाह्यलं तवा म्हने, "पोरगी हाय का बकरी?"

मी म्हनलं, "हरपली म्हंजे काकू?"

"बकरी बी हरपते. गाठ सोडून हरपत नाई, दोर चावून हरपते."

मंग गुड्डी सहा वर्साची झाली, पयलीले टाकली. जून महिन्यात. शाळा आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मी तिले पोचवून देओ अन् घरी येतच नसो. फाटकापाशी एक दगड होता, त्याच्यावर बसो, सुट्टीपरेंत. घरून भाजी आनो निसाले. बाकीच्या पोराइच्या माया चार दिवस थांबल्या अन् गेल्या. मी पोळा झाला, दसरा झाला, तरी दगडावर.

अन् गुड्डी दिवसभर खिडकीतून दगडाकडं पाहे. मी हात हालवो, ते हात हालवे. एवढंच शिकून राह्यली होती. दिवाळीच्या सुट्टीआंधी मॅडमनं मले बलावलं. तेलगू मॅडम, माह्यासंगं हिंदीत बोले, पोरीले तेलगूवानी पाप म्हने. "तुम बाहर बैठते, पाप अंदर पढती नइं. सुट्टी के बाद भी बैठते तो नाम काटके घर को ले जाओ. अगले साल देखेंगे."

अगले साल. माह्या मायनं बी मास्तरले तसंच म्हनलं होतं, पुढल्या वर्सी पाहू.

घरी येऊन मी काकूजवळ रडली. म्हनलं, ते आत अन् मी घरी, मंधात काई झालं म्हंजे? मले तं मालूमच होनार नाई. मी भेते काकू, मी काय करू. काकू लसून सोलत होती, वर बी पाह्यलं नाई. म्हने, "रयवारी नळ नाई." एवढंच.

रयवारी सकाळी माह्या दारात उभी. "चाल. कार्ड घे."

"कुठं?"

अशी पाह्यली माह्याकडं का मी इचारलं काऊन असं मले झालं.

"हे घरी नाईत, याइले न इचारता..."

"तुहा मालक आटोच्या खुंट्याले, तुही पोरगी तुह्या खुंट्याले. तू कोनाच्या खुंट्याले हाय, ते सांग मले. मंग घरी बस."

मले सांगता आलं नाई, म्हून गेली. फोन लावून याइले सांगतलं, तं हे हासले, म्हने, जा ना, मी कधी नाई म्हनलं? ते बी खरं. यानी कधीच नाई म्हनलं नोतं.

बसमंदी बसलो. गुड्डीचं मनगट माह्या ओढनीले, थैली मांडीवर, थैलीत कार्ड, फोन, पैसे, फुटाने, सारं. कंडाक्टर काकूले पाहून हासला, "लास्टम्मा! आज दो-दो लास्ट?" दोघीचे तिकीट फाडून देल्ले. मले लय वाटलं इचारावं, दादा हे बस कुठं जाते. काकूनं माह्या मांडीले चिमटा घेतला.

सागाचं जंगल लागलं, डोंगर लागले. काकू लिंबू नाकाले लावून डोळे मिटून बसली. गुड्डी हे काय, ते काय करत करत काकूच्या मांडीवर झोपून गेली, हात माह्याकडं लटकून, गाठ तशीच. इंद्रवेल्लीले बस थांबली. डायवर चहाले उतरला. बाटलीतलं पानी सरलं होतं.

काकू म्हने, "समोरच्या हाटेलातून भरून आन."

मी गुड्डीले उठवू लागली. "झोपल्या लेकराले काऊन वढतं? डायवर तिथंच चहा पिऊन राह्यला, दिसत नाई का?"

मी गाठ सोडली. पक्की होती, दातानं सोडा लागली. उतरली. हाटेलात माह्या आंधी दोन बाया होत्या, त्यायचं झालं, मंग माही बाटली भरली, टोपन लावलं, फिरून पाह्यलं.

बस नाई.

बसच्या जागेवर तेलाचा डाग अन् एक बकरी उभी. मी पळाली, कोनीकडं पळाली मले याद नाई, रस्ता दोन्हीकडं सारखाच दिसे, चप्पल तुटली, लोक जमा झाले, कोनी तेलगूत इचारे, कोनी गोंडीत, कोनी हिंदीत, अन् मले तं माहीच भाषा आठवत नोती, तोंडातून नुसतं गुड्डी गुड्डी. थैली बसमंदीच राह्यली, माह्यापाशी फोन नाई, पैसे नाई, कार्ड नाई. एक पान्याची बाटली.

तेवढ्यात मांगून दुसरी बस आली. मी पाटी पाह्यली नाई, कोनाले इचारलं नाई, चढली. कंडाक्टर म्हने, "एक्कडिकि?"

अन् मले गावाचं नावच मालूम नोतं. काकूनं इचारूच देल्लं नोतं ना! मी तशीच उभी, दम लागलेला, अन् माह्या तोंडातून निंगालं, "लास्ट."

त्यानं माह्याकडं पाह्यलं. "लास्टम्मा?"

मी मान हालवली. तेलगू मले चार शब्द येतेत, ते सारे लावले. "पाप मुंदु बस्सु." म्हंजे पोरगी पुढच्या बसमंदी.

"कार्ड?"

"कार्ड मुंदु बस्सु."

"फोन?"

"फोन मुंदु बस्सु."

"पैसा?"

"मुंदु बस्सु."

सारी बस हासाले लागली. मी रडत होती अन् मले बी हासू आलं, बाई काय सांगू, दोन्ही संगंच. कंडाक्टरनं फोन काढला, पुढच्या कंडाक्टरले लावला, "लास्टम्मा उंदा?" म्हंजे हाय का, असं इचारलं, आयकलं, अन् मले म्हने, "पाप सो रही. बैठो." एका गोंड म्हातारीनं सरकून जागा देल्ली, माह्या हातातली बाटली घेतली, दोन घोट सोता पेली अन् मले परत देल्ली. म्हने, पी.

पाऊन घंटा लागला. त्या पाऊन घंट्यात मले काईच करता येत नोतं. पळून बस लवकर जाईन का? नाई. रडून? नाई. गुड्डी काकूच्या मांडीवर झोपली, अन् मी इथं, मंधात रस्ता. ज्याले मी एवढी भेत होती तेच झालं होतं, अन् मी बसली होती सीटवर, ओढनी मोकळी. अन् मंग मले बाहेरचं दिसाले लागलं. कापूस फुटलेला. बाया सीताफळाचे टोपले घेऊन वळीनं चाल्ल्या. एक पोरगी शेळ्याइमांगं एकटीच, डोंगराच्या कडंकडंनं, काठी फिरवत. आठवीले जाचा रस्ता बी असाच असन, अर्ध्या घंट्याचा. त्याच्यात काय होतं एवढं? काईच नोतं. कापूसच होता.

लास्ट म्हंजे उटनूर निंगालं. स्टँडवरच्या बाकड्यावर काकू अन् गुड्डी सीताफळं खात बसल्या होत्या. गुड्डीचं तोंड भरलेलं, बिया बाकड्यावर वळीनं मांडलेल्या. मी पळत गेली. गुड्डीनं वर पाह्यलं अन् डोळे मोठे केले.

"आई! तू दुसऱ्या बसनं आली? एकटी?"

असं इचारलं का मी चंद्रावरून आली.

मी काकूवर तुटून पडली. जे तोंडात आलं ते बोल्ली, आयुष्यात कोनाले बोल्ली नसन. "तुमी बस थांबवली काऊन नाई?"

काकू म्हने, "मले वाटलं तू मांगं बसली. मले वकारी येऊन राह्यली होती. लिंबू हुंगू का तुले मोजू?"

आजपरेंत मले समजलं नाई. जे बाई टाक्यातलं एक गुंड पानी कमी झालं तं वळखते, तिले अख्खी मी दिसली नाई? पुढं कितीदा इचारलं. दर खेपी लिंबूच सांगे.

मी ओढनीचा शेंडा घेऊन गुड्डीचं मनगट धरलं. चिकट हात. ते म्हने, "थांब ना आई, बिया मोजून राह्यली." मी शेंडा हातात धरून उभी राह्यली. मंग त्याच शेंड्यानं तिचं तोंड पुसलं. सीताफळाचा डाग पडला, अजून गेला नाई.

सुट्टी सरल्यावर शाळेत पोचवलं. फाटकापाशी गुड्डी म्हने, "आई, दगडावर बसशीन?"

म्हनलं, "नाई."

खोटं काऊन सांगू, पयल्या दिवशी मी पानठेल्याच्या मांगं लपून अर्धा घंटा उभी होती. दुसऱ्या दिवशी पाव घंटा. तिसऱ्या दिवशी पानठेलेवाला म्हने, बहेन, क्या चाहिए, मले लाज वाटली अन् मी घरी आली. घरी करमेना. काकूचं अंगन झाडलं. ते म्हने, "केर कोपऱ्यात राह्यला." संक्रातीपरेंत माह्या दगडावर बोरंवाला बसाले लागला. मॅडम एक दिवस भेटल्या तं म्हने, "पाप अब बोर्ड को देखती."

अजून भेते मी. पन पयले भेव माह्या पुढं चाले, आता मांगून येते.

गुड्डी तेलगू वाचाले लागली तवा काकूची मोठी पंचाईत झाली. आमी तिघी बी आता कधीमधी स्टँडवर जाओ, अन् हे पोरगी दुरूनच वाचे, "आजी, हे बस बे... ला!" काकू पळत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवे. "गप व चावऱ्ये! मले नोको सांगू! सारी मजा घालवते हे मास्तरीन." अन् त्या बसले सोडून दुसरीत बसे.

मांगच्या उन्हाळ्यात लेकानं तिले हैद्राबादले बलावलं, कायमचं. सूनले बाळ होनार होतं. लेक म्हने कार घेऊन येतो, काकू म्हने, मी बसनं येते. घर भाड्यानं देल्लं, आमाले दुसरी खोली पाहा लागली. निंगाच्या दिवशी आमी तिले पोचवाले गेलो. या वेळी थैली भरलेली होती. बांबूचं टोपलं बी सोडलं नाई.

 बस लागली, लोक चढू लागले, काकू चढत नोती. मले मांगून वढ लागली म्हून पाह्यलं तं माह्या ओढनीचा शेंडा तिच्या मुठीत.  मंग तिनं हळूच, मले आयकू येऊ नये असं, गुड्डीले इचारलं,

"वाच बरं व, पाटीवर काय लिवलं?"

चार वर्सांत पयल्यांदा.

गुड्डीनं पाटीकडं पाह्यलं. मंग दोन्ही हात सोताच्या तोंडावर ठेवले, अन् बोटाइच्या फटीतून म्हने, "पोचल्यावर समजते, आजी."

 काकू अशी हासली का लावलेले दात हालले. "माहंच मले सांगते व! घरमालकीन मी, अन् भाडं मलेच मांगते का," म्हने. मूठ सोडली. टोपलं उचललं, चढली. खिडकीतून दिसली, लिंबू नाकाले लावून.

बस हालली. कंडाक्टर नवा होता वाटते, वळखत नोता. "एक्कडिकि अम्मा?"

साऱ्या स्टँडनं आयकलं असं ते वरडली, "लास्ट!"